भगिनींनो, आता स्वतःसाठी कंबर कसा



महिला मंडळाच्या बैठकीत व्यायामाचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते. "दिवसभर तं राबतोच ना बाई, मंग अजून कायचा व्यायाम?" असे म्हणणारी बाई खोटे बोलत नाही. पहाटे उठून नळाचे पाणी भरायचे, पोरांचे डबे करायचे, चार घरची धुणीभांडी उरकायची किंवा कार्यालय गाठायचे, संध्याकाळी परत चूल. या बाईला आळशी कोण म्हणेल?

पण याच बाईला जमिनीवर बसून उठताना हात टेकावा लागतो. विहाराच्या पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात. पंचेचाळिशीतच ब्लडप्रेशरची गोळी सुरू झालेली असते, साखर वाढलेली असते, पोट सुटलेले असते आणि हातापायांत मात्र बळ उरलेले नसते. इतके राबणारे शरीर खरे तर पोलादासारखे व्हायला हवे होते. मग ते असे का झाले?

उत्तर सरळ आहे. झिजणे वेगळे आणि घडणे वेगळे. कामाने शरीर झिजते, व्यायामाने ते घडते. चाळिशी ओलांडलेल्या आपल्या मायबहिणींनी हा फरक ओळखला पाहिजे, आणि त्याहूनही अधिक तो त्यांच्या घरच्यांनी ओळखला पाहिजे.

काम आणि व्यायाम यांत फरक काय?

कामात शरीराची तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा होते. भांडी घासणाऱ्या बाईची कंबर रोज एकाच दिशेने वाकते. बिडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास एकाच बैठकीत बसते. आम्ही कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्या बायका तर दिवसभरात पाचशे पावलेही धड चालत नाही. थोडक्यात, काही सांध्यांवर नको इतका भार पडतो आणि बाकीचे स्नायू नुसते झोपून राहतात.

व्यायामात याच्या उलट घडते. सगळ्या मोठ्या स्नायूंना आळीपाळीने काम मिळते. भार हळूहळू, ठरवून वाढवला जातो. आणि मुख्य म्हणजे नंतर विश्रांती मिळते. स्नायू भरून येतो तो या विश्रांतीत. कामाला भार आहे पण विश्रांती नाही, म्हणून ते शरीराला घडवत नाही.

वयाचाही भाग आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंदाजे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतरची काही वर्षे हाडांची झीज झपाट्याने होते आणि चरबी मांड्यांऐवजी पोटावर जमू लागते. या काळात स्नायूंना मुद्दाम ताण दिला नाही, तर साठीत पडल्याबरोबर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. ताण दिला तर मात्र पन्नाशीतही, साठीतही स्नायू वाढतात. शरीराने हा दरवाजा कधीच बंद केलेला नाही.

घरच्या कामाला भोंगा नाही

आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. आपल्या कितीतरी आजोबा-आजींनी गिरण्यांत हाडे उगाळली. पण मिलचा भोंगा वाजला की पाळी संपायची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४६ साली, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामगाराचे शरीर यंत्र नाही, त्याला विश्रांतीचा हक्क आहे, हे तत्त्व कायद्यात आले.

हा हक्क घरच्या बाईपर्यंत मात्र पोहोचलाच नाही. घरच्या कामाला ना पाळी, ना भोंगा. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची देशभर पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे फरक तीन तास एकवीस मिनिटांचा. आपल्याला व्यायामासाठी हवी आहेत फक्त तीस मिनिटे. म्हणून "वेळ नाही" हे बाईचे दुखणे नाही, ते घराच्या वाटणीचे दुखणे आहे. सकाळी भाजी चिरणे, पाणी भरणे, लहानग्याला तयार करणे यातले एक काम नवऱ्याने आणि एक मोठ्या मुलाने उचलले, की आईचा अर्धा तास मोकळा होतो. समतेची भाषणे आपण चौकात ठोकतो, तिची सुरुवात या अर्ध्या तासापासून करायला काय हरकत आहे?

रमाईचा त्याग आणि आपण

७ फेब्रुवारीला आणि २७ मेला आपण वस्तीवस्तीत माता रमाईंना अभिवादन करतो. गोवऱ्या थापून, अर्धपोटी राहून त्यांनी संसार रेटला. चार लेकरांचे मृत्यू पाहिले. १९३५ साली त्या गेल्या तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. बाबासाहेबांनी १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, यावरून त्यांच्या मनात रमाईंचे स्थान काय होते ते दिसते.

पण या अभिवादनातून आपण एक चुकीचा अर्थ काढत आलो आहोत. स्वतःचे शरीर मोडून घेणे म्हणजेच चांगली आई होणे, असे आपल्या बायकांच्या मनात बसले आहे. रमाईंचा त्याग ही त्या काळच्या दारिद्र्याची आणि अन्यायाची सक्ती होती. तो त्याग आपल्या लेकीसुनांच्या वाट्याला पुन्हा येऊ नये, यासाठीच तर बाबासाहेबांची चळवळ होती. आज घरात गॅस आला, पोरे शिकली, कोणाची नोकरी लागली. तरीही आई पंचेचाळिशीत अंथरुणाला खिळत असेल, तर रमाईंच्या तसबिरीला आपण कोणत्या तोंडाने हार घालायचा?

आपल्या विदर्भातल्याच बुलढाण्याकडून पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या लता भगवान करे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. साठी ओलांडलेली ही मजूर बाई नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. साठीतल्या बाईच्या अंगात किती बळ असू शकते, ते त्यांनी देशाला दाखवले. पण नवऱ्याच्या औषधासाठी आईला धावावे लागणे ही समाजाला भूषणावह गोष्ट नाही. आपल्या बायकांनी धावावे, चालावे, ते स्वतःच्या आरोग्यासाठी.

तथागतांनी सांगितलेला मार्ग

व्यायाम ही श्रीमंतांची हौस आहे असे कोणी म्हटले, तर त्याला धम्माचा दाखला द्यावा. तथागत रोज चंक्रमण करीत. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराजवळ त्यांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास सोसतो, परिश्रम सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालता चालता मिळवलेली मनाची एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. आजचे डॉक्टर यापेक्षा वेगळे काय सांगतात?

खाण्याविषयीही एक कथा संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित भरमसाट भात खाई आणि धापा टाकत तथागतांच्या भेटीला येई. तथागतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. खाताना भान ठेव, मात्रा ओळख, असा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला लावले. हळूहळू भात कमी होत गेला आणि राजाचे अंग हलके झाले. स्वतः तथागतांनीही देह वाळवणारी तपश्चर्या सोडून सुजातेची खीर स्वीकारली होती. आपल्यासाठी बोध एवढाच, की ना अतिरेक ना उपासमार. आठ दिवस नुसत्या काकडीवर राहून वजन उतरवणे हा मध्यम मार्ग नाही. असे उतरलेले वजन स्नायू खाऊन उतरते आणि दुपटीने परत येते.

आठवड्याचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवून दिलेले प्रमाण असे आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटे दम वाढवणारी हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम.

१५० मिनिटे म्हणजे आठवड्यात पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. वेग कसा ओळखायचा? चालता चालता मैत्रिणीशी बोलता यावे, पण भीमगीत म्हणता येऊ नये, हा वेग बरोबर. एकदम अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीन वेळा चालले तरी चालते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पहाटे साडेपाचलाच बाहेर पडावे आणि निघण्यापूर्वी पाणी प्यावे. झिजलेल्या चपलांऐवजी पायात साधे कापडी बूट असावेत. तीन-चार जणींनी मिळून जावे, म्हणजे भीतीही नाही आणि खाडाही नाही.

बळाच्या व्यायामाला जिमची फी लागत नाही. पुढील सहा प्रकार घरात होतात.

१) उठबस. भिंतीला टेकवलेल्या मजबूत खुर्चीवर बसावे. हात छातीवर घडी घालून, हातांचा आधार न घेता उठावे आणि तीन अंक मोजत सावकाश बसावे. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

२) भिंतीला रेटा. भिंतीपासून दोन पावले मागे उभे राहून तळहात खांद्याच्या उंचीवर टेकावेत. कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी आणि रेटून परत यावे.

३) पूल. उताणे झोपून गुडघे दुमडावेत. कंबर व कुल्हे वर उचलून पाच अंक थांबावे.

४) टाचा उचलणे. दाराची चौकट धरून चवड्यांवर उभे राहावे व सावकाश खाली यावे.

५) पिशवी ओढणे. कापडी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो. एक हात टेबलावर टेकून, पाठ सरळ ठेवून किंचित वाकावे आणि दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढावी.

६) कोपरांवर तोल. पलंगाच्या कडेवर कोपरे टेकून, पाय मागे नेऊन, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग फळीसारखे सरळ धरावे. दहा अंकांपासून सुरुवात करावी. याने पोट आणि कंबर आवळली जाते.

पहिले पाच प्रकार प्रत्येकी आठ ते बारा वेळा करावेत, सहावा अंक मोजून धरावा. अशा दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळा सहज होऊ लागले की पिशवीत आणखी एक बाटली घालावी. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे आटोपते.

दोन गैरसमज इथेच दूर करू. नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जात नाही. चरबी सगळ्या अंगाची मिळून हळूहळू उतरते. आणि वजन उचलल्याने बाईचे दंड पुरुषासारखे होत नाहीत. तसे होण्याला लागणारे संप्रेरक बाईच्या शरीरात फार थोडे असते. तिचे अंग फक्त घट्ट आणि काटक होते.

ताटात काय असावे?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. दोन उकडलेल्या अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम मिळतात, दोन वाट्या घट्ट वरणातून जवळपास तेवढीच, मूठभर फुटाण्यांतून ६ आणि मूठभर सोयाबीनच्या वड्यांच्या भाजीतून १२-१३. उरलेली पोळी, भाकर, शेंगदाणे यांतून भरून निघतात. वजन उतरवणारे म्हणून वस्तीत विकले जाणारे महागडे पावडरचे डबे घेण्याचे काही कारण नाही.

खरी अडचण अशी, की आई सगळ्यांत शेवटी जेवते. अंडी, मटणाच्या फोडी, वरणातली डाळ मुलांच्या आणि नवऱ्याच्या ताटात जाते आणि हिच्या वाट्याला उरतो भात आणि रस्सा. वर "अन्न वाया नको" म्हणून पातेल्यातला उरलेला भातही हीच पोटात ढकलते. मग पोट सुटते आणि अंगात ताकद येत नाही. म्हणून पहिला नियम, सगळ्यांनी एकत्र जेवायचे आणि आईचे ताट आधी वाढायचे. अर्धे ताट भाजीने भरावे, पाव ताट डाळ, अंडी किंवा मासळीने आणि पाव ताट पोळी, भाकर किंवा भाताने.

चहाचा हिशेबही करा. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, सुमारे ३२ ग्रॅम. महिन्याला जवळजवळ एक किलो साखर नुसत्या चहातून! हळूहळू चमचा अर्धा करावा. तर्री-पोहे आणि सावजीचे तेल रविवारपुरते ठेवावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

सुरुवातीपूर्वी तपासणी

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर दम लागण्याचे कारण आळस नाही, रक्ताची कमतरता आहे. तिशीनंतर ब्लडप्रेशर आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मेडिकल, मेयो, डागा ही रुग्णालये आपल्यासाठीच आहेत. बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटच्या वर्षांत फार छळले होते. या आजाराची लाज नको, हयगयही नको.

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये, भर उन्हात दमछाक करून घेऊ नये आणि पाणी भरपूर प्यावे. नुसत्या वाहक असलेल्यांना व्यायामाची बंदी नाही, पण ऊन आणि तहान यांची काळजी त्यांनीही घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी सुटणे किंवा अंग बाहेर येणे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच बसल्याजागी पाच अंक आवळून सोडावेत, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुष्कळ जणींना यानेच आराम पडतो. अंग बाहेर येत असेल तर वजन उचलू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर ताबडतोब थांबून दवाखाना गाठावा.

विहारातून सुरुवात करू या

एकटीने धरलेला नेम पंधरा दिवसांत मोडतो, मंडळाने धरलेला टिकतो. रविवारच्या वंदनेला आपण जमतोच. वंदना आटोपली की विहाराच्या आवारात वीस मिनिटे वरचे सहा प्रकार सगळ्यांनी मिळून करावेत. सुना आणि सासवा एकाच ओळीत उभ्या राहाव्यात. दर पौर्णिमेला शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून वहीत लिहावी. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असलेली बरी. काट्यावरचा आकडा पहिले दोन-तीन महिने हलला नाही तरी निराश होऊ नका. ब्लाउज सैल झाला, जिना न थांबता चढता आला, हात न टेकता जमिनीवरून उठता आले, हीच खरी खूण.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. हजारो बायका आल्या होत्या. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा आशय बाबासाहेबांनी तिथे मांडला. सुलोचनाबाईंनी संततिनियमनाचा विषय उघडपणे काढला. आपल्या शरीराचा विचार आपण स्वतः करायचा, हे धैर्य त्या बायकांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले. त्यांच्या नातींनी निदान स्वतःच्या अर्ध्या तासासाठी तरी संकोच करू नये.

येत्या रविवारी वंदनेला येताना पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कापडी पिशवी सोबत आणा. घरच्यांना सांगून या, की आज यायला अर्धा तास उशीर होईल, भात तुम्ही लावा.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!